शनिवार, २९ मार्च : एका निवांत दिवसाचं प्रकरण

मी शाळेत समुपदेशक आहे. एखादं मूल अचानक गप्प होतं, एखादं मारामारी करू लागतं, कुणाचा अभ्यास सुटतो. मग आम्ही घरची माहिती घेतो, घटनाक्रम लावतो, निरीक्षणं लिहितो आणि त्याचं प्रकरण तयार होतं. गेली १७ वर्षं हे काम करते आहे. एवढ्या वर्षांत नीट पार पडलेल्या दिवसाचं प्रकरण मात्र एकदाही लिहिलं नव्हतं. काय बिघडलं हे शोधण्यात आमचा सगळा जीव जातो आणि काय जमलं, का जमलं, याची नोंद राहत नाही. २९ मार्च २०२५ चा शनिवार आमच्या घरात जमला. तो का जमला हे मला मनापासून समजून घ्यायचं आहे, म्हणून नेहमीच्या शिस्तीने लिहिते आहे. प्रकरणात नावं घालायची नाहीत हा आमचा नियम घरच्यांनाही लावला आहे. लिहिलेलं सगळ्यांना वाचून दाखवलं आणि सासूबाईंनी सांगितलेल्या दोन दुरुस्त्या केल्या.

घर

आम्ही दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत राहतो. जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडे उघडणारी अरुंद गॅलरी. माणसं पाच. सासूबाई ७३ वर्षांच्या. गुडघे कुरकुरतात, पण जिने चढतात. नवऱ्याला एक आड शनिवारी सुटी असते. थोरलीला १५ पूर्ण झाली. तिची दहावीची परीक्षा १७ मार्चला संपली. धाकटा ९ वर्षांचा, चौथीत, त्याची वार्षिक परीक्षा एप्रिलात. मला शनिवार-रविवार सुटी.

प्रत्येकाला काहीतरी नाद आहे आणि या प्रकरणात तो महत्त्वाचा आहे. सासूबाईंना विकत मिळणारे जुने पदार्थ घरी करून बघायची हौस. थोरली चित्रं काढते. नववीत इंटरमिजिएटची परीक्षा दिली, मग दहावीच्या वर्षात रंगपेटी कपाटात गेली ती गेलीच. शेवटचा पेपर झाला त्याच संध्याकाळी तिने लिनोचा, म्हणजे कोरून ठसे छापायच्या मऊ लिनोलियमचा तुकडा, कोरायची हत्यारं आणि छोटा रोलर आणला. धाकटा पक्ष्यांच्या मागे असतो. नवऱ्याला बाजार आवडतो. पहाटेच्या गर्दीत, टोपल्यांमधून वाट काढत, भाव विचारत फिरणं हा त्याचा खरोखरचा विरंगुळा आहे. लग्नानंतर कितीतरी वर्षं मला ते पटत नव्हतं, कारण मला बाजारात गुदमरायला होतं. माझा नाद वर्तमानपत्रातलं शब्दकोडं. कित्येक महिन्यांत एकही पूर्ण झालं नव्हतं.

आदला शनिवार

२२ मार्चला माझ्या यादीत ११ कामं होती. यादी मी शुक्रवारी रात्री करते आणि सकाळी सगळ्यांना वाटून देते. त्या दिवशी सासूबाईंच्या मुदत ठेवीची पावती नव्याने करून घ्यायची होती. मी त्यांना घेऊन बँकेत गेले, तर शटर खाली. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, १ सप्टेंबर २०१५ पासून असतात, हे मला पाठ आहे. पण त्या दिवशी चौथा शनिवार आहे हे ध्यानात आलं नाही. ७३ वर्षांच्या बाईला मी उन्हातून नेलं, परत आणलं आणि तीन जिने चढायला लावले. त्या काही बोलल्या नाहीत. पाणी प्यायल्या आणि आतल्या खोलीत जाऊन पडल्या.

नवरा म्हणाला, "निघायच्या आधी बघायचं ना." मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. थोरली हत्यारं काढून बसली होती, तिला मी इस्त्रीचे कपडे आणायला पिटाळलं. धाकटा दुपारभर गॅलरीत उभा होता. रात्री यादीवर खुणा केल्या. ११ पैकी ७ कामं झाली होती. यादीच्या हिशेबाने तो शनिवार चांगला गेला होता, आणि घरातली पाच माणसं पाच कोपऱ्यांत झोपली होती. मी तो कागद फाडला नाही, वहीत ठेवून दिला. या प्रकरणाचा पहिला पुरावा तोच आहे.

गुरुवारची रात्र

पुढचा आठवडा साधा नव्हता. रविवारी ३० तारखेला गुढीपाडवा. सोमवारी ३१ ला आर्थिक वर्ष संपणार आणि त्याच दिवशी ईदही. म्हणजे थोरलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात या वर्षाचे पैसे भरायला आमच्यासाठी शनिवार हाच शेवटचा दिवस. ही योजना जानेवारी २०१५ मध्ये आली आणि त्याच वर्षी ती ५ वर्षांची असताना आम्ही पोस्टात खातं काढलं. वर्षाला किमान २५० रुपये भरावेच लागतात, नाहीतर खातं खंडित होतं आणि पुन्हा सुरू करायला ५० रुपये दंड पडतो. दंड फारसा नाही, पण दहा वर्षं न चुकता पाळलेली गोष्ट चुकू नये असं वाटत होतं. शिवाय तिला १५ वर्षं झाल्यामुळे आधारसाठी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने द्यायची होती. मुदत ठेव राहिलीच होती. पाडव्याचं सामान होतं. माळा आवरायचा होता, शिंप्याकडून ब्लाउज आणायचे होते, मिक्सरच्या भांड्याचा कपलर झिजला होता.

गुरुवारी जेवताना मी यादी मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बँकेत माझी मी जाईन. तू आलीस की घड्याळाकडे बघत बसतेस, मग मला सही करतानासुद्धा घाई होते."

त्या बोलल्या ते खरं होतं. मी विचारलं, "एकट्या?"

"याला नेईन. टोकनचा आकडा वाचायला."

धाकट्याने लगेच मान डोलावली. नवरा म्हणाला, फुलबाजार माझा आणि दुपारचा स्वयंपाकही माझा. थोरलीने पोस्ट मागून घेतलं, पण एक अट घातली : स्लिप ती भरणार, मी नाही. अशी एकेक कामं ज्याने त्याने उचलली. मी एरवी कामं वाटते, म्हणजे "तू हे कर" असं म्हणते. त्या रात्री पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, "हे मी घेतो." माळा, शिंपी आणि मिक्सर कुणी उचलले नाहीत. माझा हात सवयीने त्या तिन्हींपुढे माझं नाव लिहायला निघाला. नवरा म्हणाला, "राहू दे की. पाडवा त्यावाचून अडत नाही." मी पेन खाली ठेवलं. हे मला जड गेलं, ते तसंच नोंदवते.

सकाळ

२९ तारीख महिन्यातला पाचवा शनिवार होता, म्हणजे बँक उघडी. या वेळी कॅलेंडर दोनदा पाहिलं.

नवरा साडेपाचला निघाला. पाडव्याच्या आदल्या पहाटे दादर स्टेशनच्या पश्चिमेला फुलांच्या मंडईत पाय ठेवायला जागा नसते. झेंडूचे ढीग, शेवंती, आंब्याच्या डहाळ्या, कडुलिंबाच्या जुड्या, आणि मधून डोक्यावर पाट्या घेतलेली माणसं "बाजू, बाजू" ओरडत जातात. तो सव्वासातला टिळक पुलावरून चालत परत आला. शर्टाला घाम, पिशवीतून कडुलिंबाचा मोहोर डोकावतोय, आणि चेहरा असा की सहलीहून आलाय. मी त्याला एकदाही फोन केला नाही. एरवी दोन तरी करते. धाकट्याने वर्तमानपत्र पसरून झेंडू मोठे-छोटे असे वेगळे केले.

त्या दिवशी फाल्गुनी अमावास्या होती. अमावास्येला नवं वस्त्र आणायचं नाही हा सासूबाईंचा नेम, म्हणून गुढीला त्यांनी पेटीतला खण काढला, त्यांच्या आईचा. त्याच दिवशी सूर्याला खंडग्रास ग्रहणही होतं. ते भारतातून दिसणार नाही, तेव्हा वेध पाळायचे नाहीत, हे त्यांनी आदल्या दिवशीच पंचांगात पाहून ठेवलं होतं. दुपारी त्यांना चुलीपाशी उभं राहायचं होतं, त्याची ही तयारी. का उभं राहायचं होतं ते पुढे येईल.

दहाला आजी-नातू बँकेकडे आणि मायलेकी पोस्टाकडे अशा दोन जोड्या निघाल्या. पोस्टात वर्षअखेरीची रांग होती. थोरलीने स्लिप भरायला घेतली आणि 'अक्षरी रुपये' या ओळीपाशी थांबली.

"आई, 'बारा हजार फक्त' लिहायचं, की 'मात्र'?"

"दोन्ही चालतं."

तिने 'मात्र' लिहिलं. माझं बोट दोनदा त्या कागदाकडे गेलं, दोनदा मी मागे घेतलं. खात्यात भरणा पंधरा वर्षं करायचा असतो, १८ नंतर खातं ती स्वतः चालवेल. अक्षरी रक्कम लिहिण्याची तिची ही पहिलीच वेळ. खिडकीतून शिक्का बसलेलं पासबुक परत आलं तेव्हा तिने ते पिशवीत टाकलं नाही, घरी येईपर्यंत हातात धरलं.

आधारचं काम त्याच पोस्टात होतं. तिथे अडलं. गुरुवारी लिनो कोरताना तिच्या उजव्या अंगठ्यात हत्यार घुसलं होतं. चीर खोल नव्हती, पण ठशावर आडवी आलेली. यंत्राने अंगठा दोन-तीनदा घेतला नाही. तिथल्या बाईंनी अंगठा उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाल्या, "भरू दे आधी. मग ये. घाई नाही." १५ ते १७ या वयात हा बदल मोफत असतो, त्यामुळे खरंच घाई नव्हती.

मोकळा झालेला तास

इथे मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण माझ्या मते दिवस इथे ठरला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. आधारसाठी मी साडेबारापर्यंतचा वेळ धरला होता. म्हणजे सव्वा तास हातात आला, आणि तो येताक्षणी माझ्या डोक्यात शिंपी आला. शिंप्याचं दुकान पोस्टापासून पाच मिनिटांवर. तिथून मिक्सरवाला तीन मिनिटांवर. दोन्ही उरकून बाराला घरी पोहोचता आलं असतं. मी पिशवीत हात घातला, ब्लाउजची पावती तिथेच होती. थोरली माझ्या हाताकडे बघत होती. ती काही बोलली नाही. तिचा चेहरा मात्र बंद व्हायला लागला होता, आणि तो बंद होताना कसा दिसतो हे मला इतर मुलींच्या चेहऱ्यांवरून चांगलं माहीत आहे.

काम अडलं की आलेली पोकळी दुसऱ्या कामाने भरायची, ही सवय मी पालकांमध्ये अनेकदा पाहिली आहे. त्यात वाईट हेतू नसतो. रिकामा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो आणि काम उरकलं की जिवाला थंड वाटतं. पण मुलाच्या बाजूने पाहिलं तर आईचा वेळ कधीच मोकळा होत नाही. एक काम रद्द झालं तरी त्याच्या जागी मूल येत नाही, दुसरं काम येतं. मी हे इतरांना समजावलं आहे. स्वतःच्या पिशवीत हात असताना ते पहिल्यांदा कळलं.

मी हात बाहेर काढला आणि विचारलं, "फाइव्ह गार्डनला जायचं?"

सासूबाईंना फोन लावला. त्यांचं काम झालं होतं, टोकन लवकर लागलं. "आम्हीही येतो," म्हणाल्या, "हळूहळू."

फाइव्ह गार्डन आमच्या घरापासून चालत दहा-बारा मिनिटांवर. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबई सुधारणा न्यास स्थापन झाला आणि गर्दीच्या वस्त्यांबाहेर मोकळी हवा खेळेल असे दादर-माटुंग्याचे भाग आखले गेले. त्यातल्या पारशी कॉलनीसाठी मंचेरजी जोशी यांनी जीव ओतला. या पाच बागांना आज त्यांचंच नाव आहे. त्या माणसांनी तेव्हा रस्ते रुंद ठेवले आणि झाडं लावली, म्हणून मार्चच्या अखेरीस अकरा वाजताच्या उन्हातही आम्हाला सावलीतून चालत जाता आलं. पिंपळाला तांबूस पालवी फुटली होती. करंज नुसता लखलखत होता. पदपथावर सोनमोहोराच्या पाकळ्या पडायला सुरुवात झाली होती.

बाकावर बसलो. मी पिशवीतून वर्तमानपत्र काढलं. दहा मिनिटांत आजी-नातू आले. धाकटा बसलाच नाही. त्याला 'टुक्, टुक्, टुक्' ऐकू आलं होतं.

तांबट. मुंबईचा शहरपक्षी. तांब्याच्या भांड्यावर कुणी ठोके घालावेत असा आवाज, म्हणून हे नाव. हिरवा अंगरखा, कपाळ आणि छातीवर लाल ठिपका, पिवळा गळा, चिमणीहून थोडा मोठा. तो चोच मिटून ओरडतो, गळा दर ठोक्याला फुगतो, आणि ओरडताना मान इकडून तिकडे वळवतो, म्हणून आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही. धाकटा गेले कितीतरी आठवडे नुसता आवाजच ऐकत होता. त्या दिवशी त्याने ठोके मोजले, मिनिटाला १०२, मग ९८. मग मान मोडेपर्यंत वर बघत राहिला. सासूबाई म्हणाल्या, "अरे, हिरव्यात हिरवा कसा दिसेल? वाळक्या फांदीवर बघ."

त्यांनी ते सहज म्हटलं होतं, पण नेमकं तेच बरोबर होतं. तांबट घर करतो ते वाळलेल्या, मऊ पडलेल्या फांदीत, आणि भोक फांदीच्या खालच्या बाजूला पाडतो, म्हणजे पाऊस आत जात नाही. पाच-सात मिनिटांनी धाकट्याने माझा खांदा इतका जोरात दाबला की कोड्यावर रेघ उठली. रुपयाच्या नाण्याएवढं गोल भोक, आणि त्यातून बाहेर आलेलं डोकं. चोचीत लाकडाचा भुसा. पक्ष्याने मान झटकून तो खाली टाकला आणि पुन्हा आत गेला. भुसा उन्हातून तरंगत खाली येताना आम्ही चौघांनी पाहिला. धाकटा ओरडला नाही. कुजबुजत म्हणाला, "आजी, तू सांगितलंस म्हणून सापडलं." सासूबाईंनी चष्मा पुसला.

थोरलीने त्या फांदीचं पाठकोऱ्या कागदावर रेखाटन केलं. उजव्या अंगठ्याला पट्टी, त्यामुळे पेन्सिल तर्जनी आणि मधल्या बोटात धरून. माझ्या कोड्याचे दोन शब्द उरले, त्यातला एक सासूबाईंनी सांगितला. दुसरा आपोआप सुटला. पूर्ण झालेल्या चौकटीचा तो कागद माझ्या वहीत आदल्या शनिवारच्या यादीशेजारी आहे.

बारा चाळीसला घरी आलो. वरण-भात, बटाट्याच्या काचऱ्या, ताक. नवऱ्याने मीठ बेताने घातलं होतं. दुपारी सगळे झोपले.

गाठी

साडेतीनला सासूबाई उठल्या त्या थेट ओट्यापाशी. गुढीला बांधायच्या साखरेच्या गाठी त्यांना घरी करायच्या होत्या. २०२४ च्या पाडव्यालाही केल्या होत्या, फसल्या होत्या. पाक चिकटच राहिला, दोऱ्यावरून ओघळला, शेवटी बाजारच्या गाठी आणाव्या लागल्या. वर्षभर त्यांच्या मनात ते होतं हे मला ठाऊक नव्हतं.

काय चुकलं ते त्यांनी आणि थोरलीने मिळून शोधलं होतं. आदल्या वर्षी पाकात अर्धं लिंबू पिळलं होतं, पाक स्वच्छ व्हावा म्हणून. लिंबाच्या आंबटपणाने साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात आणि ते साखरेचे कण पुन्हा जुळू देत नाहीत. गुलाबजामच्या पाकात हेच हवं असतं, तो घट्ट होऊन बसू नये म्हणून. गाठीला उलट हवं. गाठ म्हणजे कण जुळून घट्ट झालेली साखर. तेव्हा लिंबू बंद. मळी काढायला चमचाभर दूध घातलं, फेस वर आला, तो झाऱ्याने काढला.

साचा नव्हता. थोरलीने माळ्यावरून तिची भातुकली उतरवली. पितळेच्या इवल्या वाट्या, तूप लावून एका ओळीत मांडल्या आणि वरून जाड दोरा आडवा टाकला. एक वाटी साखर, पाव वाटी पाणी. सासूबाई गार पाण्यात थेंब टाकून बघत होत्या. थेंबाची बोटात फिरेल अशी गोळी झाली की गॅस बंद. मग पातेलं खाली घेऊन पळीने घोटायचं, पाकावर पांढरी साय धरायला लागेपर्यंत. पहिल्या वेळी त्या थोडं जास्त घोटत राहिल्या आणि पाक पातेल्यातच दगड झाला. स्वयंपाकघरात कुणी काही बोललं नाही. नवरा दारात उभा होता, तो म्हणाला, "आई, थोडं पाणी घालून परत वितळव की. साखरच आहे."

दोन चमचे पाणी, पुन्हा आंच, पुन्हा गोळी. या वेळी पांढरेपणाची पहिली चाहूल लागताच थोरलीने "आजी, आता!" म्हटलं आणि सासूबाईंनी भराभर ओतलं. हात थरथरत होता, तरी धार वाटीबाहेर गेली नाही. मुंबईच्या दमट हवेत साखर लवकर पाणी धरते, म्हणून पंखा लावून ठेवला. वीस मिनिटांनी त्यांनी दोरा उचलला. नऊच्या नऊ वाट्यांतून गाठी सुटून आल्या, पांढऱ्याशुभ्र, एका बाजूला वाटीची नक्षी उठलेली. सासूबाईंनी माळ हातावर धरली आणि देवघरासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. नवऱ्याने फोटो काढायला फोन उचलला, मी मानेनेच नको म्हटलं.

उलटा पाडवा

थोरलीचं शेजाऱ्यांसाठी शुभेच्छापत्र दहा दिवस चाललं होतं. लिनोवर जे कोराल ते कागदावर उलटं उमटतं. पहिल्या वेळी तिने 'पाडवा' सरळ कोरला आणि छापल्यावर 'पा'चा काना 'प'च्या आधी आला. शिरोरेषा तेवढी वर होती, बाकी सगळं आरशातलं. दुसऱ्या तुकड्यावर तिने बटर पेपर वापरला : पेन्सिलने अक्षरं सरळ काढायची, कागद लिनोवर पालथा ठेवायचा, मागून चमच्याने घासायचं, की अक्षरं आपोआप उलटी उतरतात. तोच कोरताना अंगठा कापला होता, आणि अखेरचा 'वा' शुक्रवारी डाव्या हाताचा आधार घेत पूर्ण झाला.

पाचच्या सुमारास गॅलरीतल्या उजेडात तिने जुन्या लादीवर शाई पसरली, रोलर फिरवला, ठोकळ्यावर कागद ठेवला. छापयंत्र नाही, तेव्हा पळीच्या पाठीने गोल गोल घासायचं. घासणं धाकट्याने केलं. कागद कोपऱ्यातून सोलत उचलला. कडुलिंबाची डहाळी, खाली 'शुभ पाडवा', काना जिथे असायला हवा तिथे. डाव्या कडेला शाई थोडी फिकट होती. तिने ती दुरुस्त केली नाही, पुढच्या कागदाला जोर वाढवला. चौदा प्रती झाल्या, इमारतीतल्या बिऱ्हाडांएवढ्या. पंधरावी तिने स्वतःसाठी ठेवली आणि मागे पेन्सिलीने तारीख घातली.

माझी निरीक्षणं

कामं कमी नव्हती. पोस्ट, बँक, बाजार, स्वयंपाक, गाठी, पत्रं. आदल्या आठवड्याच्या सातांच्या आसपासच झाली. फरक मला दिसतो तो ती कुणाच्या हातात होती यात. मी वाटलेल्या कामाला माझी नजर चिकटलेली असते, स्वतःहून उचललेल्या कामावर उचलणाऱ्याची. सासूबाईंना बँकेत मी नको होते हे मला कुणी सांगितलं नसतं, तर मी त्यांना वर्षानुवर्षं सोबत करत राहिले असते.

दुसरं, नाद आणि काम वेगवेगळ्या वेळांत बसवायची गरजच पडली नाही. 'कामं उरली नाहीत तर छंद' असा माझा आजवरचा हिशेब होता आणि कामं कधीच संपत नव्हती. पाडव्याच्या कामातच गाठी होत्या, पत्रं होती, फुलबाजार होता. सगळंच असं जुळत नाही. सुकन्येची स्लिप हा कुणाचा छंद नाही, पण पहिल्यांदा स्वतः भरण्यात मजा होती, आणि ती मजा मी दरवर्षी तिच्याकडून काढून घेत होते.

या प्रकरणाच्या मर्यादा मला दिसतात. आमचं पोस्ट, बँक, बाग, बाजार सगळं पायी आहे. बदलापूर-विरारहून रोज गाडीला लोंबकळत येणाऱ्या घरांचा शनिवार असा मांडता येणार नाही; त्यांना आधी झोप हवी असते, आणि ती त्यांचा हक्क आहे. आमच्या घरात कुणी आजारी नव्हतं. आजी चालत्या-फिरत्या आहेत. यातलं एक जरी वेगळं असतं तरी मला वेगळं लिहावं लागलं असतं. पण पिशवीतून हात बाहेर काढायला यातलं काहीच लागलं नाही, आणि ते मी याआधीही करू शकले असते. त्याचं मला वाईट वाटतं.

पाठपुरावा

पाडव्याच्या सकाळी घरच्या गाठी गुढीला बांधल्या. संध्याकाळी गुढी उतरवल्यावर मुलांनी त्या फोडून खाल्ल्या, एक सासूबाईंनी डबीत ठेवली. मिक्सर पुढच्या बुधवारी नवऱ्याने ऑफिसातून येताना दुरुस्त करून आणला. शिंप्याकडे मी दहा दिवसांनी गेले. भातुकली काढताना माळ्याचा एक कोपरा आवरला गेला, बाकी माळा तसाच आहे. त्यानंतरच्या तीन शनिवारांपैकी एक पुन्हा जुन्या वळणावर गेला, त्या दिवशी मीच सकाळी यादी वाटली होती.

थोरलीचा अंगठा भरला. १९ एप्रिलला आम्ही पुन्हा पोस्टात गेलो आणि यंत्राने पहिल्याच खेपेला ठसा घेतला. तिथून सगळे बागेत. वाळक्या फांदीखाली धाकटा वही घेऊन उभा राहिला. भोकाच्या तोंडाशी काहीच हलत नव्हतं. मग समोरच्या झाडावरून एक तांबट आला, चोचीत पिकलेलं लाल फळ होतं. तो क्षणभर फांदीला उलटा लटकला आणि आत शिरला. बाहेर आला तेव्हा चोच रिकामी होती. धाकट्याने वहीत वेळ लिहिली, ११ वाजून २० मिनिटं, आणि पुढच्या फेरीची वाट बघत तिथेच थांबला.